इंडियाना ड्यून्स स्टेट पार्क : वारा बघून आखायची सहल

शिकागोच्या आसपासच्या मराठी घरांत उन्हाळा लागला की 'एका दिवसात कुठं जाऊन येता येईल' हा विषय निघतो आणि इंडियाना ड्यून्सचं नाव हटकून पुढं येतं. शहरापासून साधारण ५० मैलांवर लेक मिशिगनचा वाळूचा किनारा, त्यामागं दोनशे फुटांपर्यंत चढलेल्या वाळूच्या टेकड्या आणि टेकड्यांच्या पाठीशी ओकचं जंगल. तरीही जाऊन आलेल्यांची मतं टोकाची असतात. एक कुटुंब म्हणतं, असा किनारा बघितला नाही. दुसरं म्हणतं, माशांनी फोडून काढलं, पाणी बर्फासारखं होतं, तासाभरात परत फिरलो. दोघंही खरं सांगत असतात. फरक पडलेला असतो तो वाऱ्यामुळं. पार्किंग, फी, खाणंपिणं यांची तयारी लागतेच, पण हा बेत आखताना सगळ्यात आधी वारा बघायचा.

त्याआधी एक घोळ निस्तरू. इथं एकाच नावाची दोन पार्कं आहेत. १९२५ साली स्थापन झालेलं स्टेट पार्क २,१८२ एकरांचं आहे आणि त्याला सुमारे ३ मैलांचा किनारा लाभलाय. त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं आहे ते इंडियाना ड्यून्स नॅशनल पार्क. १९६६ पासून ते नॅशनल लेकशोर म्हणून होतं, फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला. दोघांची व्यवस्था वेगळी, फी वेगळी, पास वेगळे. नॅशनल पार्कांचा वार्षिक पास स्टेट पार्कच्या गेटवर चालत नाही आणि स्टेट पार्कची पावती नॅशनल पार्कच्या बीचवर चालत नाही. यावरून गेटवर वाद घालणारे दर शनिवारी दिसतात आणि त्यांच्या मागं गाड्यांची रांग लागते. फोनच्या नकाशात नुसतं 'इंडियाना ड्यून्स' टाकलं तर तो कुठंही नेऊन सोडेल. 'इंडियाना ड्यून्स स्टेट पार्क, १६०० नॉर्थ २५ ईस्ट, चेस्टरटन' असा पूर्ण पत्ता टाका.

वारा

लेक मिशिगन उत्तर-दक्षिण ३०७ मैल लांब आहे आणि हे पार्क त्याच्या अगदी दक्षिण टोकाला. बाकी सगळं या एका गोष्टीतून निघतं.

वारा दक्षिणेकडून असेल तर तो जमिनीवरून पाण्याकडं वाहतो. किनाऱ्याजवळ पाणी गुळगुळीत दिसतं, हवा गरम असते, आणि लोकांना वाटतं, पोहायला याहून चांगला दिवस नाही. पण हाच वारा पृष्ठभागावरचं तापलेलं पाणी आत ढकलतो आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंड पाणी वर येतं. जुलैच्या ऐन उकाड्यात पाण्याचं तापमान एका रात्रीत दहा-पंधरा अंश फॅरनहाइटनं उतरू शकतं. बाहेर ९० अंश आणि पाण्यात पाय टाकला की कळ डोक्यापर्यंत, असा प्रकार होतो.

त्याच वाऱ्याबरोबर माश्या येतात. दिसायला घरातल्या माशीसारखीच, पण ही चावते, आणि चावते घोट्याला. आतल्या भागातून वाऱ्यावर वाहत आलेल्या या माश्या पाण्यापाशी अडतात आणि किनाऱ्याच्या पट्ट्यात गोळा होतात. डासांसाठीचं औषध त्यांच्यावर फारसं चालत नाही, पातळ मोज्यातूनही त्या चावतात. लांब पँट, जाड मोजे किंवा सरळ पाण्यात उभं राहणं, एवढेच उपाय. ऑगस्टमध्ये दक्षिणेचा किंवा नैऋत्येचा वारा असेल, तर लहान मुलांना घेऊन बीचवर बसायचा बेत त्या दिवशी करूच नका. टेकडीमागच्या जंगलात फिरायला जा, नाहीतर दिवस बदला.

हवेनं फुगवलेल्या ट्यूब, हंस, गाद्या यांचा धोकाही याच दिवशी सगळ्यात जास्त. पाणी शांत दिसतं, वारा मागून लागतो आणि ट्यूबवर बसलेलं मूल बघता बघता खोल पाण्याकडं सरकतं. मोठं माणूस पोहत मागं गेलं तरी वाऱ्यावर जाणारी ट्यूब गाठणं जमत नाही. फुगवायची खेळणी घरीच ठेवा. हवंच असेल तर तटरक्षक दलानं मान्यता दिलेलं लाइफ जॅकेट घ्या.

आता उलटी बाजू. उत्तर, वायव्य किंवा ईशान्येचा वारा तळ्याच्या मोकळ्या पाण्यावरून धावत येतो. मध्ये अडवायला काही नाही, त्यामुळं लाटा वाढत जातात आणि या टोकाला येऊन फुटतात. माश्या गायब होतात, हवा सुखद होते, पण जोर वाढला की पाणी धोक्याचं. किनाऱ्यावर ढकललेलं पाणी परत जाताना अरुंद पट्ट्यांतून वेगानं आत ओढलं जातं, त्यालाच रिप करंट म्हणतात. लाटा ३ फुटांच्या वर असतील तर पाण्यात जायचा विचार सोडा, गुडघाभर पाण्यातसुद्धा.

सगळ्यात उत्तम दिवस कोणता? दोन-तीन दिवस हवा शांत राहिलेली, आणि उत्तरेकडून ५ ते १० मैल वेगाचा हलका वारा. पाणी कोमट, लाटा खेळण्यापुरत्या, माश्या नाहीत.

हे कळायचं कसं? दोन दिवस आधी संध्याकाळी नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर 'चेस्टरटन' टाकून तासागणिक अंदाज बघा. 'साउथ विंड' म्हणजे दक्षिणेकडून येणारा वारा, दक्षिणेकडं जाणारा नव्हे. इथं बरेचजण फसतात. हा भाग हवामान खात्याच्या शिकागो कार्यालयाकडं येतो. त्यांच्या पानावर उन्हाळ्यात बीचसाठी वेगळा अंदाज असतो, त्यात लाटांची उंची आणि रिप करंटचा धोका कमी, मध्यम की जास्त ते लिहिलेलं असतं. 'बीच हॅझर्ड स्टेटमेंट' निघालेलं असेल तर त्या दिवशी पोहणं नाही. शिवाय मिशिगन सिटीजवळ ४५१७० क्रमांकाचा बॉया, म्हणजे तरंगतं मोजणी यंत्र, हंगामात पाण्यात असतो. तो पाण्याचं तापमान आणि लाटांची उंची प्रत्यक्ष मोजून दाखवतो. निघायच्या सकाळी तो एकदा बघा. पाण्याचं तापमान ६५ अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर मुलं पाच मिनिटांत ओठ निळे करून बाहेर येतील हे धरून चला.

कधी जायचं

लाइफगार्ड असण्याचा हंगाम मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या लेबर डेपर्यंत. पोहण्याची परवानगी नेमून दिलेल्या पट्ट्यातच आणि लाइफगार्ड असतानाच. रोजच्या वेळा बीचवर लावलेल्या असतात. जूनच्या मध्यापर्यंत पाणी गारच असतं, खऱ्या अर्थानं पोहायचे दिवस म्हणजे जुलैचा मध्य ते ऑगस्टअखेर.

ऐन हंगामात शनिवार, रविवार आणि ४ जुलै हे दिवस टाळता आले तर उत्तम. टाळता येत नसतील तर सकाळी नऊच्या आत गेटमधून आत शिरा. पार्किंग भरलं की गेट बंद करतात आणि गाड्या बाहेर पडतील तसतशा नव्या आत सोडतात. कडक उन्हाच्या शनिवारी हे अकराच्या सुमारासही होऊ शकतं. दुसरी युक्ती दुपारी चारनंतर जायची. सकाळी आलेली मंडळी तेव्हा निघत असतात, ऊन उतरलेलं असतं आणि जूनअखेर सूर्यास्त साडेआठच्या सुमारास असल्यानं हातात चार तास मिळतात. पोहायचं असेल तर लाइफगार्डची वेळ आधी बघून घ्या.

सूर्यास्ताचं म्हणाल, तर हवा स्वच्छ असली की तळ्यापलीकडं शिकागोच्या इमारतींची रांग क्षितिजावर उमटलेली दिसते. मेच्या उत्तरार्धात आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात सूर्य साधारण त्याच दिशेला बुडतो. फोटो काढणाऱ्यांनी हे आठवडे कॅलेंडरवर खूण करून ठेवावेत.

सप्टेंबरमधला कामाचा दिवस हा सगळ्यात सुखाचा. पाणी अजून कोमट, गर्दी नाही. लाइफगार्ड नसतात, त्यामुळं पोहणं बाद, पण पाय भिजवणं आणि टेकड्या चढणं यांना तोड नाही. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पानांचे रंग. एप्रिल-मेमध्ये उत्तरेकडं निघालेले पक्षी तळ्याला अडून किनाऱ्याकिनाऱ्यानं उडतात, आणि त्यांना मात्र दक्षिणेचाच वारा लागतो. पक्षी बघणारे नेमक्या त्याच दिवसाची वाट बघतात ज्या दिवशी बाकीच्यांनी घरी बसावं.

रस्ता, फी आणि आगगाडी

नेपरव्हिल, अरोराकडून येणाऱ्यांनी इंटरस्टेट ३५५ वरून इंटरस्टेट ८० पकडावा, शॉमबर्गकडून येणाऱ्यांनी २९४ वरून. दोन्ही वाटा पुढं ८०/९४ या जोडरस्त्यावर मिळतात, आणि ट्रकांच्या गर्दीनं दिवस खाणारा तुकडा तोच. साडेसातच्या आत तो पार केला तर तासा-सव्वातासात पोचता, दहाला गाठला तर दोन तास धरा. इंटरस्टेट ९४ च्या २६ क्रमांकाच्या एक्झिटला स्टेट रोड ४९ वर उत्तरेकडं वळायचं, तो रस्ता थेट पार्कच्या गेटाशी संपतो. शहरातून स्कायवे आणि इंडियाना टोल रोडनं आलात तर एक्झिट ३१. टोल भरायचा इलिनॉयचा आय-पास या दोन्ही ठिकाणी चालतो.

गाडीनं आलात तर गेटवरची फी माणशी नसून गाडीमागं. इंडियानाची नंबरप्लेट असेल तर ७ डॉलर, बाहेरच्या राज्याची असेल तर १२ डॉलर, असे दर गेली काही वर्षं होते. निघण्यापूर्वी राज्याच्या डीएनआरच्या (नैसर्गिक संपदा खात्याच्या) साइटवर एकदा ताजा आकडा बघा. प्लेट गाडीची बघतात, चालवणाऱ्याचा परवाना नाही, त्यामुळं भाड्याच्या गाडीला कधी कधी अचानक फायदा होतो. दोन कुटुंबं एका मोठ्या गाडीतून आली तर फी वाचते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पार्किंगची एक जागा वाचते.

पार्क सेंट्रल वेळेवर चालतं, म्हणजे शिकागोचीच वेळ. इंडियानापोलिसहून येणाऱ्यांचं घड्याळ तासभर मागं जातं. तेवढी झोप मिळते, पण परतीला तो तास फेडावा लागतो.

गाडी नसेल तर शिकागोच्या मिलेनियम स्टेशनवरून साउथ शोर लाइन ही आगगाडी पकडून ड्यून पार्क स्टेशनला उतरा. तिथून गेटपर्यंत पादचारी आणि सायकलींसाठी वाट आहे, पण बीचपर्यंत निदान अर्धा तास चालणं आहे. बर्फाची पेटी, छत्री आणि तीन वर्षांचं मूल घेऊन हा रस्ता जमणार नाही. पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढंच सामान असलेल्यांसाठी मात्र गाडीपेक्षा हे बरं, कारण पार्किंग भरलं तरी चालत येणाऱ्याला त्याचं काही नाही. परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच बघून ठेवा. दोन गाड्यांमध्ये बराच वेळ असतो.

पाण्यात

तळं म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं ते इथं नाही. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा फुटतात, वाळू आहे, फक्त खारेपणा नाही. शिवाजीपार्कच्या जलतरण तलावात पोहणारा माणूस इथं चांगला पोहेलच असं धरू नका. गोड्या पाण्यात शरीर खाऱ्या पाण्यापेक्षा कमी तरंगतं आणि लाटा समुद्रापेक्षा लवकर लवकर येतात. एक चुकवली की श्वास घ्यायच्या आत दुसरी अंगावर.

तळाशी किनाऱ्याला समांतर वाळूचे उंचवटे असतात. आधी पाणी कमरेपर्यंत येतं, मग पुन्हा गुडघ्यापर्यंत उतरतं. मुलांना वाटतं, अजून पुढं गेलं तरी असंच उथळ असेल. दोन उंचवट्यांमधला खड्डा मात्र लाटांनी बदलत राहतो आणि मागच्या वेळी छातीपर्यंत असलेलं पाणी या वेळी डोक्यावरून जाऊ शकतं. ज्याला पोहता येत नाही त्यानं पहिला उंचवटा ओलांडू नये.

रिप करंटमध्ये सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झुंजू नका, माणूस बुडतो तो दमल्यामुळं. पाठीवर वळा, तरंगा, श्वास जागेवर येऊ द्या. ओढ कुठं नेतेय ते बघा आणि किनाऱ्याला समांतर सरकून तिच्यातून बाहेर पडा. बाहेर उभ्या असलेल्यानं पाण्यात उडी न घेता तरंगणारी वस्तू फेकावी, अगदी बर्फाची बंद पेटीसुद्धा चालते, आणि लाइफगार्डला हाक मारावी.

वादळ येऊन गेलं आणि ऊन पडलं म्हणजे सगळं निवळलं असं या तळ्यात होत नाही. ४ जुलै २००३ रोजी इथून ईशान्येला, मिशिगन राज्याच्या किनाऱ्यावर, वादळ सरून काही तास उलटल्यावर सातजण बुडाले. वादळाच्या रेट्यानं तळ्याचं पाणी हेलकावत राहतं आणि रिप करंट पुन्हा उसळतात. गडगडाट ऐकू आला की गाडीत जाऊन बसा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा, आणि वादळ मोठं असेल तर त्या दिवशी पुन्हा पाण्यात जाऊच नका.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. बीचवर एक ओढा तळ्याला येऊन मिळतो, त्याचं नाव ड्यून्स क्रीक. पाणी घोट्याएवढं, संथ, तळ्यापेक्षा कोमट. दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी देवानंच केलेली जागा वाटते आणि आईवडील तिथंच चादर पसरतात. पण हा ओढा आतल्या दलदलीतून आणि वस्तीतून येतो, आणि पावसानंतर त्यात ई. कोलाय जंतूंचं प्रमाण वाढतं. १०० मिलिलिटरमागं २३५ हा आकडा ओलांडला की बीचवर सूचना लागते. सूचना नसली तरी पावसानंतरचे दोन दिवस ओढ्याच्या मुखापाशी मुलांना खेळू देऊ नका. चादर ओढ्यापासून शे-दोनशे पावलं दूर टाका.

टेकड्या

पाण्याचं नाव मोठं, पण या पार्कची खरी मजा टेकड्यांत आहे आणि निम्मे लोक त्या न बघताच परततात. तीन मोठ्या टेकड्या : माउंट टॉम १९२ फूट, माउंट होल्डन १८४ आणि माउंट जॅक्सन १७६, उंची तळ्याच्या पातळीपासून. आठ नंबरची ट्रेल तिघींना जोडते. 'थ्री ड्यून चॅलेंज' म्हणतात ते हेच : दीड मैल अंतर, एकूण ५५२ फूट चढ. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मोकळ्या वाळूच्या चढावर प्रत्येक पाऊल निम्मं मागं घसरतं, आणि सिंहगड सहज चढणारासुद्धा जॅक्सनच्या अर्ध्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहतो. धडधाकट माणसाला तास, मुलं बरोबर असतील तर दीड तास.

चढण्याची पद्धत अशी. आधी चढणाऱ्यांच्या पावलांचे खड्डे झालेले असतात, त्यातच पाऊल टाका. पावलं लहान ठेवा, टाचेवर भार न देता सपाट पाऊल टेकवा. टेकड्या सकाळी उरका. दुपारी उघडी वाळू अनवाणी पाय भाजतील इतकी तापते. चपला वाळूत रुततात आणि प्रत्येक पावलाला वाळू फेकतात, म्हणून बंद बूट आणि मोजे घाला. वाळू बुटात शिरेल, खाली आल्यावर झटकायची. माणशी निदान अर्धा लिटर पाणी, उन्हाळ्यात लिटर.

वेळ असेल तर नऊ नंबरची ट्रेल करा, पावणेचार मैल. आमच्या मते पार्कमधला सगळ्यात देखणा तुकडा हाच. ती टेकड्यांच्या कड्यावरून जाते आणि वाऱ्यानं पोखरलेल्या दोन मोठ्या खोलगटांच्या काठाशी नेते. गवताचं आवरण एकदा फाटलं की वारा त्या भोकातून वाळू उपसत जातो, वर्षानुवर्षं, आणि टेकडीच्या पोटात वाडगा तयार होतो. म्हणूनच आखलेली वाट सोडून गवतावरून चालू नका असं सांगतात. ते मॅरम गवत मुळांच्या जाळ्यानं टेकडी बांधून ठेवतं, आणि दहा माणसांच्या पायवाटेनं ते मरतं. शिकागोचे वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री काउल्स यांनी याच टेकड्यांवर फिरून १८९९ साली दाखवून दिलं की वाळूवर आधी गवत, मग झुडपं, मग पाइन, मग ओक अशा क्रमानं जंगल कसं उभं राहतं. पाण्याकडून आत चालत गेलं की तो क्रम आजही ओळीनं दिसतो.

दहा नंबरची ट्रेल साडेपाच मैलांची. जाताना दलदलीच्या आणि जंगलाच्या कडेनं, येताना बीचवरून. ती करायची तर वारा लक्षात घेऊन करा. परतीच्या बीचवर उत्तरेचा जोराचा वारा असेल तर वाळू तोंडावर येते, दक्षिणेचा असेल तर तीन मैल माश्या. आजी-आजोबांसाठी दोन नंबरची, सपाट, ओल्या जमिनीवर फळ्या टाकलेली, आणि एप्रिल-मेमध्ये रानफुलांनी भरलेली.

वाटेच्या कडेला तीन-तीन पानांचा चकचकीत वेल दिसेल, ती पॉयझन आयव्ही. हात लावला तर दुसऱ्या दिवशी पुरळ आणि खाज, आठवडा-दोन आठवडे. स्पर्श झालाच तर लवकरात लवकर साबणानं आणि गार पाण्यानं धुवा. मेपासून गोचिडीही असतात. घरी पोचल्यावर मुलांच्या कानामागं, काखेत, गुडघ्याच्या लवणीत बघा.

वाळूत खोल खड्डे खणण्याचा खेळ गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका. कोरडी वाळू क्षणात ढासळते आणि गाडला गेलेला माणूस बाहेरून दिसत नाही. २०१३ च्या जुलैमध्ये शेजारच्या नॅशनल पार्कमधल्या माउंट बाल्डीवर सहा वर्षांचा मुलगा चालता चालता वाळूत गडप झाला. जुनं झाड कुजून आत पोकळी राहिली होती. काही तासांनी तो जिवंत सापडला. तेव्हापासून त्या टेकडीवर मोकळेपणानं जाऊ देत नाहीत.

डबा आणि शेगडी

या पार्कमध्ये बाहेरून दारू आणायला बंदी आहे. बिअरसुद्धा नाही, बीचवर नाही आणि पार्किंगमध्येही नाही. बीचवर काचेच्या बाटल्या नाहीत. लोणच्याची बरणी घरीच प्लॅस्टिकच्या डब्यात रिकामी करा.

बीचवरच्या खाण्याचा नियम एकच : जे उघडल्यावर उडत नाही आणि एका हातात धरता येतं तेच न्यायचं. भेळ नेऊ नका, कुरमुरे मिशिगन राज्यात पोचतील. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, मेथीचे पराठे चटणी लावून गुंडाळलेले, उकडलेली अंडी, काकडी, टरबुजाच्या फोडी, ताक. दहीभात न्यायचा तर बर्फाच्या पेटीत तळाशी, आणि दोन तासांत संपवायचा. पेटीत बर्फाच्या पिशवीबरोबर आदल्या रात्री गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या भरा. दुपारी त्याच प्यायला होतात. दिवसभरासाठी मोठ्या माणसाला दोन ते तीन लिटर पाणी धरा.

कणसं भाजायची असतील तर शेगडी वाळूवर नको, पिकनिकच्या जागांवर. डझनभर कणसांना साधारण चार पौंड कोळसा पुरतो. निखाऱ्यांवर पांढरी राख चढल्याशिवाय कणसं टाकू नका, नाहीतर बाहेरून काळी आणि आत कच्ची राहतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निखारे वाळूत पुरू नका. वाळूखाली ते विझत नाहीत, कित्येक तास धुमसतात, आणि संध्याकाळी दुसऱ्याचं अनवाणी मूल त्यावर पाय देतं. भरपूर पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, आणि राखेसाठी ठेवलेल्या पिंपात टाका.

छत्रीची काठी नुसती टोचली तर पहिल्या झोताला उपटते. ती पुढंमागं हलवत दोन फूट आत घाला आणि छत्री वाऱ्याच्या दिशेनं तिरकी करा. सुती कपडे घालून पाण्यात उतरू नका. ओला सुती कुर्ता जड होतो, पायात अडकतो आणि बाहेर आल्यावर थंडी वाजवतो. आणि टाल्कम पावडरचा नाहीतर कॉर्नफ्लोअरचा डबा गाडीत ठेवा. अंग कोरडं करून पावडर चोळली की चिकटलेली वाळू सुटून पडते, गाडीच्या सीटा वाचतात.

भारतातून आलेल्या आजी-आजोबांना बरोबर नेताय तर गाडी बीचजवळच्या पार्किंगमध्ये हवी, म्हणजे पुन्हा सकाळी लवकर. वाळूत व्हीलचेअर किंवा काठी चालत नाही. चालणं अगदीच कमी असेल तर नॅशनल पार्कमधलं पोर्टेज लेकफ्रंट बघा. तिथं पक्की वाट आणि बसायला निवारा आहे, तळं खुर्चीवरून दिसतं.

मुक्काम

कॅम्पग्राउंडमध्ये १४० जागा आहेत, सगळ्यांना वीज. आरक्षण सहा महिने आधी खुलं होतं आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार लगेच जातात. जुलैच्या मध्यासाठी जानेवारीच्या मध्यालाच बसावं लागतं. शनिवार-रविवार धरून घ्यायचं तर निदान दोन रात्री घ्याव्या लागतात. जागा मिळाली नाही तर आशा सोडू नका, आठवडाभर आधी रद्द झालेल्या जागा रोज सकाळी एकदा बघा. कामाच्या दिवसांत, मंगळवार-बुधवारी, बऱ्याचदा मिळून जाते. घरचं जळण नेता येत नाही. त्यातून झाडं पोखरणारे किडे पसरतात, म्हणून साल काढलेलं किंवा प्रमाणित शिक्का असलेलंच लाकूड आणायचं, नाहीतर तिथंच विकत घ्यायचं.

गेट बंद असेल तर

रांगेत इंजिन चालू ठेवून बसू नका. स्टेट रोड ४९ वर, इंटरस्टेट आणि यूएस २० च्या मध्ये, व्हिजिटर सेंटर आहे. तिथं कोणत्या बीचला जागा आहे ते विचारा. नॅशनल पार्कच्या हद्दीत सगळ्यात मोठं पार्किंग वेस्ट बीचचं, पश्चिमेकडं. केमिल, डनबार, लेक व्ह्यू या पूर्वेकडच्या छोट्या जागा स्टेट पार्कच्याही आधी भरतात. तिथं नॅशनल पार्कची वेगळी फी लागेल, पण ती सात दिवस चालते. किंवा दुपारभर जंगलातल्या ट्रेल करा आणि चारनंतर स्टेट पार्कच्या गेटावर या.

हिवाळ्यात जायचं असेल तर एकच सूचना. किनाऱ्याला लागून बर्फाचे ढीग साचतात, जमिनीसारखे घट्ट दिसतात आणि मुलं त्यावर धावत सुटतात. हा बर्फ आतून पोकळ असतो, लाटांच्या फवाऱ्यांनी थर चढलेला, खाली उघडं पाणी. पाय गेला तर माणूस त्या कपारीतून वर येऊ शकत नाही. वाळू संपते तिथंच थांबा. बर्फानं वाळू झाकली असेल आणि ती कुठं संपते ते कळत नसेल, तर टेकडीच्या पायथ्याला धरूनच चाला.